वाणात दिलेला डबा

शाळेच्या पडवीत कॅमेरा लागला त्या दिवशी वर्षाराणी मॅडमनी पेढे वाटले होते. वाटणारच! विद्यार्थी सुरक्षेचं ते अनुदान मिळावं म्हणून बाईंनी देगलूर-नांदेडच्या इतक्या चकरा मारल्या होत्या, की बसचा कंडक्टर त्यांना बघताच न विचारता तिकीट फाडायचा. पहिल्या हप्त्यात कॅमेरा आला. दुसऱ्या हप्त्यात मुलींच्या स्वच्छतागृहाभोवती भिंत आणि शाळेच्या रस्त्यावर दिवे येणार होते. येत्या गुरुवारी शिक्षण खात्याचे साहेब पाहणी करून गेले, की तो हप्ता सुटणार होता.

आणि आता त्याच कॅमेऱ्याकडे बघायलाही बाईंना नको वाटत होतं.

कारण ऋतुजा. सातवीतली, खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी पोरगी. ती नळावर पाणी प्यायला जाईना. खिचडी घेतली, की वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून खायची. मग शाळेत यायचीच बंद झाली. बाई घरी गेल्या तर तिची आई दानम्मा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"पुरे झाली शाळा, मॅडम. गुरुवारच्या गाडीनं उदगीरला मावशीकडं धाडायलाव तिला. पुढं बघू एखादं स्थळ."

ऋतुजा दाराआडून बोलली. "मल्लेश अन् त्याचे दोस्त पाराजवळ थांबतेत, मॅडम. आज खिचडी दोनदा घेतलीस म्हणतेत. नळावर ओढणी भिजली न्हवं, म्हणतेत. खरंच भिजली होती! वर्गातलंच कुणीतरी त्यांना सांगायलंय. मी आता कुणासंगं बोलतच न्हाई."

वर्गातलं कुणीच सांगत नव्हतं. बाईंच्या ते तिथंच लक्षात आलं. शाळेची वीज सकाळी जाते ती संध्याकाळीच उगवते. म्हणून कॅमेऱ्याचा टीव्ही आणि चित्र साठवणारा काळा डबा शाळा समितीचे अध्यक्ष अण्णाराव यांच्या बैठकीत ठेवले होते. घर शाळेला खेटून, वर इन्व्हर्टर. सगळ्या गावानं माना डोलावल्या, त्यात बाईंची मान सगळ्यांत जोरात. आणि मल्लेश म्हणजे अण्णारावांचा सख्खा पुतण्या. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

बाई तडक अण्णारावांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली.

"पोरं टीव्ही बघतेत, त्यात काय एवढं? तुम्हीच मागितला कॅमेरा. आता बोंब मारली तर साहेब हप्ता रोखतील. मग भिंत न्हाई, दिवे न्हाईत. बघा बुवा, तुमचंच अनुदान हाय."

यातलं शेवटचं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. एका ऋतुजासाठी सगळ्या पोरींची भिंत घालवायची? की भिंतीसाठी ऋतुजा घालवायची? बाईंना अन्न गोड लागेना. वर्गात पुसलेला फळा त्या पुन्हा पुसायच्या.

बुधवारी दुपारी अण्णारावांच्या पत्नीचं, पार्वतम्मांचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अण्णाराव साहेबांसाठी हारतुरे आणायला देगलूरला गेले होते. बैठकीतल्या पोरांना आतल्या खोलीत पिटाळून बायका बसल्या होत्या. मोठ्या घरचं बोलावणं, म्हणून दानम्माही आली होती. मधल्या सुट्टीत आलेल्या वर्षाराणी तिळगूळ हातात घेऊन बसल्या, पण तो तोंडात जाईना. समोर टीव्ही काळाभोर पडलेला. ठरवलं काहीच नव्हतं. शब्द आपोआप बाहेर पडले.

"अक्का, लावा की जरा. आपली शाळा बघू द्या सगळ्यांना."

पार्वतम्मांनी कौतुकानं टीव्ही लावला. "अगं, ही तर माझी!" "ती बघ, तुझी!" बायका हसल्या आणि मग हळूहळू गप्प झाल्या. चित्र इतकं जवळचं होतं, की पाणी पिणाऱ्या पोरीच्या हनुवटीवरून गळ्यात उतरलेले थेंब दिसत होते. रिमोटनं फिरणारा कॅमेरा. कुणीतरी तो फिरवून नळावर आणून ठेवला होता.

"शाळेचं फाटक कुठं हाय ह्यात?" पार्वतम्मांनी विचारलं. मग आतल्या खोलीकडे वळून आवाज चढवला, "मल्लेश, रोज ह्येच बघायलात का रे?"

आतल्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला.

पार्वतम्मा वाण द्यायला उठल्या. स्टीलच्या वाट्या होत्या. दानम्मानं पदर पसरला, पण वाटी घेईना.

"वाटी नको, अक्का. द्यायचंच तर त्यो डबा द्या."

त्या दारातून सवाष्ण कधी रिकाम्या हातानं गेली नव्हती. पार्वतम्मांनी हातातली वाटी ताटात ठेवली. मग त्यांनी डब्याच्या तारा उपसून काढल्या, दानम्माला हळदीकुंकू लावलं आणि डबा तिच्या पदरात घातला.

संध्याकाळी अण्णारावांचा आवाज शाळेपर्यंत आला. "डबा कुठाय? उद्या साहेब येणार! जा, परत आण!"

"वाण दिलंय म्या," पार्वतम्मांचा आवाज त्याहून मोठा होता. "दिलेलं वाण परत मागायची रीत न्हाई आपल्यात. तुम्हाला लाज नसंल तर तुम्ही जा दानम्माच्या दारात."

अण्णाराव गेले नाहीत.

गुरुवारी गळ्यात हार पडल्या पडल्या साहेबांनी विचारलं, "चित्रण कुठं ठेवता?" अण्णारावांनी बाईंकडे डोळे वटारले. तेवढ्यात फाटकातून दानम्मा आत आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात ऋतुजाचा हात, आणि ऋतुजाच्या पाठीला दप्तर.

मग वर्षाराणी बोलल्या. पारावरचं, नळावरचं, बैठकीतलं, सगळं. साहेब लिहीत राहिले, पण त्यांच्या तोंडावरून काही कळेना. भिंत होईल की नाही, बाईंना ठाऊक नव्हतं. बोलल्याची भीती वाटत होती आणि बोलल्याचा आनंदही होत होता.

ऋतुजा दप्तर ठेवून नळाकडे गेली. तिनं ओंजळ धरली. डब्याच्या तारा कालच निघून कॅमेरा बंद पडला होता, हे तिला आईनं चारदा सांगितलं होतं. तरी पाणी पिण्याआधी तिनं एकदा वर बघितलंच.