डेरिल पाण्यात पडला तेव्हा

डेरिल माझ्या नवऱ्याचा भाचा. आई गेल्यावर तो शहरात परक्यांच्या घरी वाढला. पंधराव्या वर्षी कुणाची तरी गाडी चोरून ठोकली, तेव्हा कोर्टाने त्याला आमच्याकडे, ओजिब्वे आदिवासींच्या वस्तीवर धाडलं. तो बोलायचा नाही. मागून कुणी आलं की दचकायचा.

सप्टेंबरात तळ्याच्या पाण्यात आपोआप उगवणारा जंगली भात पिकला. नवऱ्याची पाठ धरली होती, म्हणून मी डेरिललाच होडीत घातलं. मी मागे उभी राहून लांब काठीने होडी रेटत होते, तो बसून दोन काठ्यांनी लोंब्या होडीत झोडत होता.

"मामी, पाणी खोल आहे?" त्याने पुन्हा विचारलं.

"अरे वा, पाण्याने तरी तुझं तोंड उघडलं!" मी हसले. मी तेव्हाच त्याचा चेहरा नीट पाहायला हवा होता.

दुपारी वारा सुटला. एक लाट आत आली आणि डेरिल ताडकन उठला.

"खाली बस!"

होडी उलटली. मी वर आले तर तो हातपाय झाडत बुडत होता. मी मागून त्याला कवटाळलं, तसं त्याने कोपराने माझं नाक फोडलं.

"सोडा! पुन्हा नाही करणार! सोडा ना!"

तो माझ्याशी बोलतच नव्हता. मी हात सोडले आणि मागे सरले.

"डेरिल, मी व्हायोला. तुझी मामी. कुणी धरलेलं नाही तुला. पाय खाली टाक, बाळा."

पाय चिखलाला लागले. पाणी छातीपर्यंतच होतं. तरी त्याचे दात वाजत होते.

"तो टबात डोकं दाबून धरायचा," तो म्हणाला. कोण, ते मी विचारलं नाही.

"माझी वेणी धर. चल."

चिखल पाय ओढत होता. तो दर पावलाला थांबायचा, वेणीला हिसका बसायचा, मी कळ सोसायचे. घाबरले तर मीही होते.

काठावर नवरा म्हणाला, "भात कुठाय?"

"तळ्याला परत दिला. उगवेल पुढच्या वर्षी."

त्या हंगामात डेरिल होडीत बसला नाही. चार दिवसांनी मी चुलीवर शेजारणीचा भात भाजत होते, तेव्हा तो येऊन बसला.

"आई जायची तळ्यावर?"

"नोरीन? जायची की. पोहता येत नव्हतं, म्हणून सबंध वाट तुझ्या मामाला शिव्या घालत."

तो पहिल्यांदाच हसला. मग भाजलेल्या भाताची टरफलं काढायच्या खड्ड्यात उतरला, दोन्ही हातांनी वरचा आडवा दांडा घट्ट धरला आणि पायांनी भात मळू लागला.