नवरीची गाडी मागे येत नाही

आमच्या सेतो गावात नवरीची गाडी मागे घेत नाहीत. गाडी मागे आली म्हणजे मुलगी माहेरी परत आली, असं समजतात. हल्लीची पोरं हसतात, हसू देत. माझी भाची चिनात्सु सासरी निघाली तेव्हा तिच्या बापाला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, मी बजावलं होतं, की कुनिहिको, माझी गाडी ने. जुनी आहे, पण पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक. गिअर बदललेला पोटातल्या पाण्यालाही कळत नाही.

भाऊ ऐकेल तर शपथ. बायको गेल्यापासून या बाबाला दोनच विषय, लेक आणि गाडी. तुझं ते घुं घुं करणारं शिवणयंत्र नको, म्हणाला. त्याची नवी गाडी दोन क्लचांची. पापणी लवायच्या आत गिअर पडतो म्हणे. पडतो खरा, मोकळ्या रस्त्यावर. गल्लीत मुंगीच्या पावलानं जायची वेळ आली की तीच गाडी अडखळते. रविवारी त्यानं मला मागे बसवून चाचणी घेतली. स्पोर्ट मोडवर माझी मान कोंबडीसारखी पुढेमागे. इकोवर पाय दाबला तरी ढिम्म, आणि मग एकदम उडी. नॉर्मलवर त्यातल्या त्यात बरी चालली. नॉर्मलच ठेव, नाहीतर पोरीचा केसांचा टोप विहीणबाईंच्या पायाशी पडेल, असं मी सुनावलं. लेकीला आपल्या हातानं सासरी पोचवायचं, एवढीच त्याची हौस होती. म्हणून मग गप्प बसले. अगदीच गप्प बसले असं नाही म्हणा.

लग्नाच्या दिवशी चिनात्सु पांढऱ्या किमोनोत, डोक्यावर तो जडशीळ टोप, आणि शेजारी मी, मांडीवर मांजू मिठाईचे डबे घेऊन. नवरीसाठी जो आपली गाडी मागे हटवतो त्याचं तोंड गोड करायचं असतं. भावानं त्या दिवशी कमाल केली. ब्रेक असा हळू सोडत होता की टोपातली एक काडी हलली नाही. मनातल्या मनात मी त्याला शाबासकी दिली, तोंडानं कशाला देऊ.

सासरचं घर चढावर. अर्ध्या वाटेत समोरून कुंभारमातीचा ट्रक आला. ट्रकवाल्यानं नवरी पाहिली आणि बिचारा रुंद जागेपर्यंत सगळा चढ मागे मागे गेला. आम्ही त्याच्या शेजारी थांबलो, मी डबा दिला. त्यानं टोपी काढून मान लववली. कुनिहिकोनं लववली. त्यानं पुन्हा लववली, मग आमच्या साहेबांनी त्याहून खाली. शेवटचा नमस्कार दुसऱ्याचा राहिला तर आमच्या घराण्याला झोप लागत नाही. त्या वाकण्यात भावाचा पाय ब्रेकवरून सुटला. चढावर ती गाडी क्षणभर स्वतःला धरून ठेवते आणि मग सोडून देते.

वीतभर मागे आलो.

भाऊ ब्रेक दाबून तसाच बसला, कान लाल. "चिनात्सु, माझं चुकलं," एवढंच म्हणाला.

पोरगी दोन्ही हातांनी टोप धरून हसत सुटली. "बरं झालं, बाबा. आता परत यायला मला कारण मिळालं. महिन्यातून एकदा जेवायला येणार. मासे तुम्ही भाजायचे."

त्यावर माझा भाऊ जो रडला म्हणता! बायको गेली तेव्हाही असा रडला नव्हता. समोरचा रस्ता दिसेना, मीच त्याचे डोळे पुसले आणि माझेही. मग त्यानं गाडी अशी अलगद वर चढवली की माझ्या शिवणयंत्रानं लाजावं.

फाटकात विहीणबाई उभ्या होत्या, जुन्या वळणाच्या, नजर घारीची. गाडी थोडी मागे आली का हो, त्यांनी विचारलं.

"छे," मी म्हणाले, "खाली सरकला तो ट्रक."