धुऱ्यावरची सोयरीक

मी एक जुने जाळे आहे. मासोळ्यांचे नव्हे, पाखरांचे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यात आलेले प्रत्येक पाखरू मोकळे होऊन गेले आहे.

मला केसासारख्या बारीक काळ्या धाग्यांनी विणले. दोन काठ्यांमध्ये ताणले की मी दिसेनासे होत असे. पाखरांचा अभ्यास करणाऱ्या मंजुषाताईंनी वनखात्याची परवानगी काढून मला तळेगावजवळच्या टेकड्यांवर आणले. पाखरू अडकले की त्या लगेच येत, रक्ताचा एक थेंब टिपून घेत, पायात रंगीत कडे घालत आणि ओंजळ उघडत. कितीतरी इवली काळजे माझ्या धाग्यांवर धडधडली. ती धडधड मला अजून आठवते.

तिथे एक मोठी टेकडी आहे आणि एक लहान. पूर्वी मधे सलग झुडपी जंगल होते. आता कपाशीची शेते आहेत. दोन्हींवर सातभाई नावाची लहानशी तपकिरी पाखरे राहतात. मधले शेत ओलांडणे त्यांच्या पंखांना जड नाही, पण उघड्यावर शिक्रा हा शिकारी पक्षी टपलेला असतो, म्हणून ते झुडूप सोडत नाहीत. मोठ्या नद्या आणि उंच डोंगरही पाखरांना असेच अडवतात. दोन्हीकडे पुष्कळ पाखरे असली, तर लाखो वर्षांत दोन निराळ्या जातीही घडतात. लहान टेकडीवर मात्र मूठभरच सातभाई उरले होते. रक्ताच्या थेंबांवरून कळले, की ते आतून जवळजवळ एकसारखे झाले आहेत. त्यांच्या अंड्यांतून पिल्लेही कमी निघत. एखादा रोग आला असता, तर सारे एकदमच गेले असते.

दोन टेकड्यांना जोडणारी एकच हिरवी रेघ राहिली होती: अनुसयाबाईंच्या शेताचा झुडपांनी भरलेला धुरा, म्हणजे बांध. एका सकाळी मी तिथे ताणलेले होते. एक सातभाई अडकला. मंजुषाताई पोचण्याआधी अनुसयाबाई विळा घेऊन धावल्या आणि त्यांनी मला सर्रकन कापले.

“काऊन वं बाई, इतुकुशा जिवानं पोट भरीन काय तुयं?”

“मावशी, थांबा! खायला नाही, सोडायलाच धरते.”

“सोडाचंच हाय, त धरतं काऊन?”

ताईंनी पाखरू अलगद सोडवले. त्याच्या पायात लाल कडे होते. “हे मी मोठ्या टेकडीवर घातलं होतं,” त्या हलकेच म्हणाल्या. “मावशी, तुमच्या धुऱ्यावरून हा लहान टेकडीकडे निघालाय. तिथली सगळी पाखरं आता एकाच घरची झालीत.”

“म्हंजे भावकीतच सोयरीक? अवं माय!” अनुसयाबाईंनी कपाळावर हात मारला. “अन् आमचा धीरज त सोमवारी हा धुरा साफ करून राह्यला.”

त्यांचा मुलगा धीरज मागेच उभा होता. “माय, पाखरायसाठी कपाशीच्या चार रांगा सोडू काय मी?”

“तुयी बायको आर्वीहून आणली का नाई? का भावकीतच पाहाची होती?”

धीरज हसला. “माह्या लग्नाचं काय मंधात?” पण सोमवारी धुऱ्याला विळा लागला नाही.

अनुसयाबाईंनी मला मांडीवर घेऊन शिवले, घरातल्या जाड पांढऱ्या दोऱ्याने. तेव्हापासून पाखरांना मी दुरूनच दिसते आणि ती वळसा घेऊन जातात. ताईंनी नवे जाळे आणले. मी पिशवीत पडून राहिले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

पुढच्या हिवाळ्यात लहान टेकडीवर त्या नव्या जाळ्यात एक कोवळे पाखरू आले. त्याच्या रक्तातली अर्धी ओळख लाल कड्याच्या सातभाईची निघाली; ते त्याचेच पिल्लू होते. ताईंनी हे सांगितले, तेव्हा अनुसयाबाईंनी त्यांच्या हातावर गूळ ठेवला. “सोयरीक जमली म्हना!”

आता ताई मला शाळांमधून नेतात आणि मुले माझ्या पांढऱ्या टाक्यांवरून बोट फिरवतात. मित्रांनो, तुमच्या शेताचा धुरा साफ करायला निघाल, तेव्हा घटकाभर तिथे थांबा. झुडपात काही हलते आहे का, पाहा. कुणीतरी आपल्या नव्या घरी निघाले असेल. त्याला वाट द्या.