दर पंधरवड्याला विणारी गाय

शुक्रवारी संध्याकाळी रामाजींनी बशीतला शेवटचा चहा ओढला, बशी कपाखाली नीट सरकवली आणि जाहीर केलं, की रविवारी काटोलवरून नत्थूजी येणार आहेत. खरवस खायला.

श्वेता पोळ्या लाटत होती. लाटणं जागच्या जागी थांबलं. ती पोळी एका अंगानं जाड राहिली आणि पुढे नवऱ्याच्या, दुर्गेशच्या ताटात गेली. त्या घरात जे काही बिघडेल ते दुर्गेशच्या ताटात जायचं.

"खरवस?" ती म्हणाली.

"हो मंग. मी फोनवर सांगून टाकलं त्याले. म्हटलं, तू जलमभर गायी राखल्या, पण माई सून करते तसा खरवस तुले मिळाला नसन. अन् वापस जाताना त्याच्यासंगं एक डबा देजो. भजनी मंडळात अकरा माळकरी हायेत. एकेक चमचा तरी होईन."

श्वेतानं मान हलवली. मान हलवण्याच्या याच सवयीनं तिला इथवर आणून सोडलं होतं.

कारण त्या घरात खरवस कधी झालेलाच नव्हता. ही गोष्ट रामाजी सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

श्वेताला बेकिंगचा नाद. सक्करदऱ्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शनिवारी ओव्हन तापायचा तो नानकटाईसाठी नाहीतर कणकेच्या केकसाठी, आणि एक रविवार सोडून एका रविवारी कॅरमल पुडिंगसाठी. साखर तांबूस जाळून भांड्याच्या बुडाशी ओतायची, तिच्यावर दूध, साखर आणि चार अंडी फेटून गाळून घालायची, भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवून मंद आचेवर भाजायचं. अंड्याचा वास लपावा म्हणून ती त्यात वेलची आणि जायफळ घालायची. नऊ वर्षांच्या लेकीला, वैभवीला, व्हॅनिला आवडत नसे.

दोन वर्षांपूर्वी सुभद्राबाई गेल्या, आणि रामाजी काटोलची संत्र्याची बाग मोठ्या मुलावर सोपवून धाकट्या दुर्गेशकडे राहायला आले. आले म्हणजे गॅलरीतल्या खुर्चीत बसले. ताट समोर आलं की अर्धी पोळी खायची आणि ताट पुढे सरकवायचं. श्वेतानं शिरा केला, पुरणपोळी केली, पाटोड्या केल्या. ताट सरकत राहिलं. वजन अठ्ठेचाळीस किलोवर आलं. डॉक्टर म्हणाले, खायला घाला. हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता, ते दुर्गेशला फी देऊनही समजलं नाही.

मग चौदा महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी श्वेता गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली, तर फ्रिजचं दार उघडं, रामाजी समोर उभे, हातात चमचा, आणि पुडिंगचा चतकोर गायब.

"खरवस हाय ना वं हा?" ते म्हणाले. "जायफळ टाकलं तू. सुभद्रा बी टाके. अन् असाच गूळ जमे बुडाशी. कोणाची गाय व्याली?"

रामाजींच्या गळ्यात तुळशीची माळ बेचाळीस वर्षांची होती. ज्या दुकानात अंडी मिळतात त्या दुकानातून ते काडेपेटीसुद्धा घेत नसत. आणि त्यांच्या पोटात आता साधारण एक अख्खं अंडं गेलेलं होतं.

"गोलूची," श्वेता म्हणाली. गोलू त्यांचा दूधवाला.

"आणखी दे थोडा," रामाजी म्हणाले. त्या रात्री ते दोन पोळ्या जेवले.

पहिल्या वेळी ती चूक होती. दुसऱ्या वेळी ते पाप होतं. तिसऱ्या वेळेपासून ते वेळापत्रक झालं. गोलूच्या गोठ्यात दर पंधरवड्याला एक गाय न चुकता विऊ लागली. दुर्गेश हेल्मेटमध्ये लपवून अंडी आणायचा आणि सोमवारी टरफलं ऑफिसच्या बॅगेतून, वाटेतल्या कचराकुंडीपर्यंत न्यायचा. रामाजी छप्पन किलोचे झाले. अधूनमधून ते हसूसुद्धा लागले होते. श्वेता त्या हसण्याकडे पाहायची आणि मनात हिशेब मांडायची. यांना कळलं, तर पहिल्यांदा हे ताट सरकवतील. मग काटोलची बस धरतील. आणि तिथे कोण यांना वाटी पुढे करून बसणार आहे?

आता त्या ताटाभोवती अकरा माळकरी येऊन बसले होते.

"सांगून टाक ना," रात्री दुर्गेश पुटपुटला.

"तुम्ही सांगा. तुमचे वडील हायेत."

"म्हणूनच तर."

शनिवारी सकाळी तिनं गोलूला फोन करून खरा चीक, व्यालेल्या जनावराचं पहिलं दूध, मागितला. गोलू म्हणाला, वहिनी, आपल्याकडे चार म्हशी, एक विणार आहे, पण पोळ्याच्या सुमारास. पोळा पाच महिने लांब होता.

मग तिनं बिनअंड्याचा घाट घातला. दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि घट्ट दही. पहिलं भांडं तापमान जास्त झाल्यानं जाळीदार झालं, इडलीसारखं. दुसरं फाटलं. तिसरं जमलं. सुरी घातली तर स्वच्छ बाहेर आली, उलटं केलं तर अंग न मोडता बसलं, तांबूस पाक कडेनं ओघळला. दिसायला हुबेहूब.

"फरक कोणाच्या बापाले समजणार नाही," दुर्गेश चव घेऊन म्हणाला. आपण काय बोललो, हे त्याला जरा उशिरा लक्षात आलं.

वैभवीला तंबी दिली गेली. उद्या तोंड फक्त जेवायला उघडायचं.

नत्थूजी अकराच्या सुमारास आले. पिशवीभर संत्री, पांढरी टोपी, गळ्यात माळ. त्यांनी आणि रामाजींनी एकाच दिवशी, एकाच महाराजांच्या हातून माळ घातली होती. नत्थूजींच्या गोठ्यात कधीही सहाच्या खाली जनावर नसे. गाभण गाईकडे नुसतं पाहून ते दिवस सांगतात, अशी काटोलकडे त्यांची ख्याती होती. श्वेतानं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तर तिला उगाचच वाटलं की आपलेही दिवस ते मोजून राहिलेत.

जेवण वरणभात, भरली वांगी, कढी असं सरळ चाललं होतं. कढी वाढताना नत्थूजींनी पहिला प्रश्न टाकला.

"रामा सांगत होता, दर पंधरा दिवसांनी चीक येते तुमच्याकडे?"

"हो, काकाजी."

"मंग जनावरं बरीच असतील त्या गोलूकडे."

श्वेतानं दुर्गेशकडे पाहिलं. दुर्गेशनं वांग्याकडे पाहिलं.

"असतील चाळीस-पन्नास," तो वांग्याला म्हणाला.

"पन्नास गायी," नत्थूजींनी घास खाली ठेवला. "ह्या सक्करदऱ्यात? बांधते कोठी गा तो?"

"इकडे-तिकडे."

"अन् सगळ्यांचा चीक तुम्हालेच काहून देते? वासरं काय पेतात मंग?"

"थोडा थोडाच देते, काकाजी," श्वेता घाईनं म्हणाली. "कढी घ्या ना आणखी."

"जेवल्यावर पाहून येऊ गोठा," नत्थूजी रामाजींना म्हणाले. "पन्नास गायी मी बी एका जागी नाही पाहिल्या."

श्वेता उठली. खरवस आणायला उठली, असं सगळ्यांना वाटलं; खरं म्हणजे फ्रिजच्या दारामागे तिला दोन क्षण उभं राहायचं होतं. मग तिनं भांडं ताटात उलटं केलं, मोठे मोठे तुकडे कापले आणि वाट्या बाहेर नेल्या.

नत्थूजींनी एक चमचा खाल्ला. लगेच दुसरा. "बेस जमला गा," ते म्हणाले. "एकदम बेस."

श्वेता आता कुठे खाली बसली. तेवढ्यात रामाजींनी चमचा वाटीत ठेवला.

"हा तो नाही," ते म्हणाले.

नत्थूजींनी तिसरा चमचा भरला.

"बेस तर हाय," नत्थूजी म्हणाले.

"तुले काय माहीत? तुले जे देल्लं ते तू खाल्लं. तो जिभेवर ठेवला का विरते. हा आंबूस हाय." रामाजी श्वेताकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. "आज माया पाहुणा घरी आला वं. आजच काहून असं केलं? चीक कमी पडला का? का त्या गोलूनं पाणी टाकलं?"

"हो," दुर्गेश एकदम म्हणाला. "गोलूनंच टाकलं असन."

"मले वाटलंच." रामाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल नत्थू. गोठा बी पाहून होईन अन् त्याले चार शब्द बी सांगतो. माळकऱ्याच्या घरी भेसळ करते म्हणजे काय?"

त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. चपलेत एक पाय गेला. श्वेताला त्या चार म्हशींच्या मधोमध उभा असलेला गोलू दिसला, हातात बादली, आणि समोर दोन म्हातारे. गोलूनं त्यांच्या दुधात आजवर घातलं असेल तेवढं पाणी सगळं माफ, पण हे पाणी त्यानं घातलेलं नव्हतं.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली. "गोलूकडे गायी नाहीत."

दुसरी चप्पल तशीच राहिली.

"म्हशी हायेत. चार. अन् यंदा एक बी नाही व्याली."

"मंग तू चीक कोठून आणते?"

"चीक नाही. कधीच नव्हता. तो खरवसच नाही, पुडिंग हाय. दूध, साखर, अन् चार अंडी."

नत्थूजींचा चमचा हवेत थांबला. ते आपल्या वाटीकडे पाहू लागले.

"ह्याच्यात?"

"नाही, काकाजी. ह्याच्यात दही हाय. आजच्यात काही नाही. देवाची शप्पथ."

नत्थूजींनी थोडा विचार केला आणि चमचा तोंडात घातला. प्रसंग गंभीर आहे हे त्यांना मान्य होतं, पण वाटीचा त्यात काही दोष नव्हता.

रामाजी चपलेतून पाय काढून खुर्चीत बसले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"तुले मालूम होतं. मी माळकरी हाय."

"हो."

"दुर्गेशले बी?"

"टरफलं बाबाच नेतात," वैभवी म्हणाली. तिचं जेवण झालेलं होतं, त्यामुळे तंबीची मुदत संपली असं तिनं धरलं.

"तुम्ही मागून खाल्लं होतं, मामाजी," श्वेता म्हणाली. "सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. मी दुसरं सगळं करून पाहिलं होतं. तुम्ही ताट सरकवून द्यायचे."

"मले सांगतलं असतं तर मी खाल्लं नसतं."

"म्हणूनच नाही सांगतलं."

रामाजी उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लागलं. थोड्या वेळानं कपाटाचं दार करकरलं. त्या कपाटात खालच्या कप्प्यात त्यांची बॅग होती. श्वेता दारासमोर उभी राहिली. ठोठावायला उचललेला हात तिनं खाली घेतला. दुर्गेश तिच्या मागे, आणि आत जायचं झालं तर तिनंच जावं अशा अंतरावर. आत पुन्हा काहीतरी करकरलं. काटोलची बस तासातासाला असते, हे तिला नको असताना आठवलं.

दार उघडलं. रामाजींच्या हातात बॅग नव्हती. धुतलेला पंचा होता, आणि त्या पंच्यावर माळ. गळ्याभोवती, जिथे ती बेचाळीस वर्षं होती, तिथे कातडीवर एक फिकट रेघ उमटलेली होती. त्यांनी पंचा देव्हाऱ्यासमोर ठेवला, हात जोडले, आणि बाहेर येऊन नत्थूजींच्या समोर बसले.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय," नत्थूजी म्हणाले. "नकळत झालं. महाराजांले सांगू. पुन्हा घालून देतील."

"उद्या येतो मंग."

"उद्या नाही घालत ते. एकादशीलेच घालतात. मधात कोणी किती बी पाया पडो." नत्थूजींनी भिंतीवरचं कॅलेंडर डोळे बारीक करून पाहिलं. "पुढच्या बुधवारी हाय."

"म्हणजे दहा दिवस मी बिनमाळेचा."

"दहा दिवस तू साधा माणूस."

रामाजींनी गळ्यावरच्या त्या फिकट रेघेवरून बोट फिरवलं. मग समोरची वाटी ओढली आणि तो आंबूस तुकडा एकेक चमचा करून संपवला. प्रत्येक चमच्याला त्यांचं तोंड थोडं वाकडं होत होतं, पण त्यांनी वाटी चाटून पुसून रिकामी केली. श्वेता पाहत राहिली. ताट सरकलं नाही, एवढंच तिला कळत होतं, आणि तिला रडू येत होतं.

वाटी खाली ठेवून रामाजींनी आंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला. सोमवार, मंगळवार. पेरं मोजत ते पुढे गेले, एका ठिकाणी थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजून त्याच ठिकाणी आले.

"मधात एक रविवार येते," ते म्हणाले. कोणाकडेही न पाहता.

नत्थूजींनी घाईघाईनं संत्र्यांची रिकामी पिशवी उचलली. आपल्याला अलीकडे नीट ऐकू येत नाही, असं त्यांनी दुर्गेशला सांगितलं, आणि डब्याचं राहू द्या, म्हणाले.

श्वेतानं पदरानं डोळे पुसले. "मामाजी," तिनं हळू विचारलं, "नेहमीचाच करू?"

रामाजींनी देव्हाऱ्याकडे पाठ केली.

"एकच रविवार हाय वं," ते म्हणाले. "जरा मोठं भांडं घेजो."