चौथ्या शीलानंतर

ही २०२४ सालची गोष्ट. निवडणूक जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी बुद्धपौर्णिमा होती. आम्ही इंग्लंडातल्या स्लाऊचे लोक ती नेहमीप्रमाणे रविवारी, हॉल घेऊन साजरी करणार होतो.

कमलाकर मेश्राम खासदारकीला उभा होता. तो आणि माझे मिस्टर नागपूरहून एकाच वर्षी इथं आले. मी लग्न होऊन आले तेव्हा स्टेशनवरून माझी ट्रंक त्यानंच डोक्यावर घेतली होती. गोरे लोक वळून वळून बघत होते. पुढे तो पामतेलात शिरला. बोर्निओत मळे, बिस्किटवाल्यांना तेल, दाराशी लांबलचक गाडी. आता पेपरात येत होतं, की मळ्यांसाठी त्यानं जंगल साफ केलं. तो म्हणायचा, साफ खोटं. आमच्या लोकांची मतं पडली तरच तो निवडून येणार होता, म्हणून रविवारी आला. सोबत प्रचार सांभाळणारा पुण्याचा विक्रांत, हातात उत्तरांची कार्डं.

"आजी, मी त्यांना विचारणार," माझी इथंच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी नात मनाली म्हणाली. "माझी प्रश्न छोटी आहे."

"विचार की. तो काही चावत नाही."

भन्ते मोटरवेवर अडकले होते. अशा वेळी आमच्याकडे ज्येष्ठ उपासक पंचशील सांगतो आणि बाकीचे मागून म्हणतात. कमलाकरनं आनंदानं माइक घेतला. प्रत्येक शीलानंतर मराठीत अर्थ सांगायची त्याची जुनी सवय. जीवहिंसेचं पहिलं शील त्यानं जरा घाईनं उरकलं. चौथं मात्र खणखणीत: मी खोटं बोलणार नाही. सगळा हॉल त्याच्यामागून म्हणाला.

पाचवं संपताच मनाली उठली. "आजोबा, बोर्निओचं जंगल तुम्ही तोडलं का?"

विक्रांतनं एक कार्ड पुढे केलं. कमलाकरनं ते वाचलं आणि परत दिलं.

"अरे, हा प्रश्न पंचशीलाच्या आधी घ्यायचा होतास," तो विक्रांतला माइकवरच म्हणाला. "आता कसं बोलू हे?"

हॉल हसला. विक्रांत हसला नाही.

"तोडलं, पोरी. सही माझीच. नदीपलीकडचं अजून तोडायचंय."

आता कोणी हसलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मग ते तरी थांबव."

"भागीदार मला कच्चा खातील, वहिनी."

"निवडून तर तू येत नाहीस आता. भांडायला वेळच वेळ आहे."

तो स्वतःच हसू लागला. तेवढ्यात भन्ते आले आणि आम्ही खीर वाढायला घेतली.

कमलाकर पडला, चांगलाच पडला. पण वर्षभर भागीदारांशी भांडला आणि नदीपलीकडचं जंगल राखून कंपनीतून बाहेर पडला. गाडी लहान झाली. रविवारी विहारात येतो आणि खिरीत साखर कमी आहे म्हणून कटकट करतो. विक्रांत बेसिंगस्टोकला एका आयटी कंपनीत लागला. राजकारणाचं नाव काढत नाही, दिवाळीला फोन मात्र करतो. मिस्टर हे बघायला नव्हते; असते तर कमलाकरला आधी शिव्या घातल्या असत्या, मग जेवायला बोलावलं असतं. मनाली बोर्निओत तोडलेल्या रानात रोपं लावते. गेल्या महिन्यात कमलाकर तिथं गेला होता. तिनं त्याला दिवसभर खड्डे खणायला लावले म्हणे. परत आल्यापासून कंबर धरून चालतो आणि भेटेल त्याला ते सांगत असतो.