बाप्तिस्म्याच्या दिवशी लिसान्द्रोस

मित्रांनो, मी भांडं नाही, होडी नाही, की घड्याळही नाही. मी एक म्हातारं नाव आहे. लिसान्द्रोस. गेल्या रविवारी मला असा धक्का बसला, की मी अजून सावरलेलं नाही.

माझा अर्थ 'माणसांची सुटका करणारा'. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक आईबाप मोठ्या हौसेने मला पोरांना देत, दगडांवर कोरत. पुढे संतांची नावं आली आणि माझा भाव उतरला. लिसान्द्रोस नावाचा संत कुणाला ठाऊक नाही, म्हणून मला स्वतःचा नामदिन, म्हणजे त्या नावाच्या संताचा सण, नाही. नामदिनच नाही, तर दारात शुभेच्छा द्यायला येणार कोण? मी कित्येक शतकं धूळ खात पडून राहिलं.

मग कालिम्नोस बेटावर समुद्रातून स्पंज काढणाऱ्या एका घराण्याने मला उचललं. इथे पहिल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. असं आजोबाकडून नातवाकडे जात जात मी आजवर तगलं. आता माझा धनी एकच, म्हातारा पाणबुड्या लिसान्द्रोस. त्याचा मुलगा नोमिकोस याला मुलगा झाला, तेव्हा मी हरखून गेलं. तो झाला नसता, तर म्हाताऱ्याबरोबर माझाही कारभार आटोपला असता.

बाप्तिस्मा होईपर्यंत इथे मुलाला नुसतं 'बाळ' म्हणतात. चर्चमध्ये धर्ममाता नाव मोठ्याने उच्चारते आणि ते ऐकताच पोरं घराकडे धूम ठोकतात. बातमी आधी पोचवेल त्याला खाऊ.

रविवारी चर्चच्या अंगणात म्हाताऱ्याचे सोबती त्याची थट्टा करत होते. "काय रे, आता जेवायला हाक मारली की दोन लिसान्द्रोस धावणार."

"धावू देत. दात दोघांनाही नाहीत," म्हातारा म्हणाला.

आत पाद्रीबाबांनी नाव विचारलं. धर्ममाता सेवास्तीने बाळाला उराशी धरलं आणि म्हणाली, "स्तमातिस."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. स्तमातिस हा म्हाताऱ्याचा थोरला मुलगा. स्पंज काढायला गेला, तो परत आलाच नाही. बायकांनी तोंडावर हात ठेवले. नोमिकोस पांढराफटक पडला.

"सेवास्ती, काय बोलून बसलीस? बाबांचं नाव ठरलं होतं ना?"

"बाबांनीच मला गळ घातली. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत हळूच म्हणाला, "माझं नाव चालवायला मी अजून जिवंत आहे. त्याचं नाव कोण घेतं आपल्या घरात?"

मला इतका राग आला, की काय सांगू. साऱ्या आयुष्याचा सोबती, आणि त्यानेच मला वाऱ्यावर सोडावं?

तोवर पोरं घरी पोचली होती. घरी म्हाताऱ्याची बायको, कल्लिओपी आजी, मधातली भजी तळत होती. मुलगा गेल्यापासून तिने चर्चची पायरी चढलेली नाही. "आजी, स्तमातिस! बाळाचं नाव स्तमातिस!" पोरं ओरडली. तिच्या हातातला झारा खाली पडला. ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. तिला खाऊ मागायची कुणाची छाती झाली नाही.

बाळाला घेऊन सगळे परतले, तेव्हा आजी दारात उभी होती. आता ही म्हाताऱ्याला काय बोलते, या भीतीने सगळे पायरीपाशीच थबकले. पण तिने म्हाताऱ्याकडे पाहिलंच नाही. कोरड्या पडलेल्या ओठांनी तिने हाक मारली, "स्तमातिस."

बाळाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

तिने त्याला ओढून घेतलं आणि ती हमसून हमसून रडली. म्हाताराही रडला. मित्रांनो, खरं सांगायचं तर माझा राग तिथेच गळून पडला.

माझं एकच मागणं आहे. बेटावर सगळे त्याला नुसतं 'आजोबा' म्हणतात. तुम्ही कधी बंदरावर आलात आणि तो जाळी सुकवत बसलेला दिसला, तर त्याला नावाने हाक मारा. त्याच्यानंतर मला ओ देणारं कुणी उरणार नाही.