गौर माहेरी, आय चुलीशी

"बाबा, गवर दरसाल माहेरी येते, मंग आमची आय माहेरी कंदी जाते?"

हा प्रश्न माझा नाही, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्या मैत्रिणींचा, रतनचा आणि केसरचा. श्रावणात आमच्या रेवदंड्याच्या शाळेत डिपोटीसाहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलेलं मी उभी राहून, त्यांच्या पागोट्याकडे बघत, न अडखळता सांगितलं. तेव्हापासून मी जगात कुणालाही काहीही विचारू शकते, असं वर्गात बोलून दाखवायची मला सवय लागली. ऐकून ऐकून रतनचे कान किटले.

"कुणालाबी ना?" ती म्हणाली. "मंग आमचा गवरीचा सवाल तुझ्या बापाला विचार. ओट्यावर. चार माणसं बसलेली असताना."

विचारलं नाही तर दिवाळीपर्यंत तिचं दप्तर मी वाहायचं. रतनच्या दप्तरात पुस्तकं थोडी आणि चिंचा फार, त्यामुळे ते चांगलं जड असतं.

ओट्यावर त्या वेळी फार मोठा पेच पडलेला होता. विलायतेत गोलमेज परिषद भरते म्हणतात, तशीच आमच्याकडे भरली होती, फक्त टेबल नव्हतं. मचव्याचे, म्हणजे आमच्या शिडाच्या होडीचे, मालक माझे बाबा, तुळशीराम. मचवा हाकणारा माझा सदाकाका. आणि शेजारचा भागोजी, जो स्वतःच्या घरी ओटा असूनही आमचाच ओटा झिजवतो. विषय एकच: यंदा खरा गणपती बघायला कुठे जायचं? घरी बसतो तो बहुधा खोटा असावा.

सदाकाकाला पुणं पाहिजे होतं. पुण्याला मचवा जात नाही, हे परिषदेच्या ध्यानात यायला दोन संध्याकाळी लागल्या. भागोजी म्हणाला, मग पेणला जाऊ, गणपती जिथं घडतात तिथंच बघावेत. "सणाच्या दिवसांत पेणला काय बघशील, रिकामे साचे?" असं म्हणून बाबांनी त्याला गप्प केलं. शेवटी मुंबई ठरली. गिरगावातले मेळे, विजेच्या दिव्यांचे मखर आणि भागोजीच्या मेहुण्याच्या खोलीत फुकट मुक्काम. घरचा गणपती चतुर्थीला आणायचा, त्याच्यापुढे घसा बसेपर्यंत आरत्या म्हणायच्या, आणि षष्ठीला त्याला बायकांच्या स्वाधीन करून दुसऱ्यांचा गणपती बघायला निघायचं. यालाच भक्ती म्हणतात.

यात मला हसायचा काही अधिकार नव्हता, कारण मचव्यात एक जागा माझीही होती. डिपोटीसाहेबांनी शाबासकी दिल्यामुळे बाबांनी खुशीत जाहीर केलं होतं, नलू मुंबईला येणार. मी विजेचे दिवे बघणार! आमच्या आळीतली एकही मुलगी अजून मुंबईला गेलेली नाही, आणि ही गोष्ट मी शाळेच्या घंटेलासुद्धा सांगून झाले होते. रतनने पैज लावली ती हे सगळं माहीत असून. मैत्रीण असावी तर अशी.

आता गौरीचं. आमच्या कोळ्यांची गौर म्हणजे तेरड्याची जुडी. तिला लुगडं नेसवतात, दागिने घालतात आणि लेक माहेरी आली म्हणून तिचे लाड करतात. लेकीला गोडधोडाचा कंटाळा येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, झणझणीत नैवेद्य. शिवाय मांडव्याहून आमची सगुणाआत्या येते, तीही माहेरवाशीणच. म्हणजे घरात दोन माहेरवाशिणी. एक बोलत नाही आणि दुसरी थांबत नाही. दोघींचं रांधायचं, वाढायचं, काढायचं कुणी? आमच्या आईने, म्हणजे नीराबाईने. तिचं माहेर थळ.

तर प्रश्न विचारून मी उभी राहिले. बाबा समुद्राकडे बघू लागले, जणू उत्तर तिकडून यायचं होतं.

"जाते की," ते म्हणाले. "गेल्या साली न्हाय गेली?"

"आज्याच्या मयताला गेलती."

"मंग? गेली का न्हाय?"

"मी गवरीचं विचारतंय, बाबा."

भागोजीला राहवलं नाही. "अगो, समद्याच बाया माहेरी गेल्या तं गवर येईल कुणाकडं?"

"तुमच्याकडं," मी म्हणाले.

सदाकाका हसला. मग त्याने बाबांचं तोंड बघितलं आणि हसण्याचा खोकला करून टाकला.

"थळ काय हाकेवर हाय?" बाबा म्हणाले.

"मचवा मुंबईला जातो त्यो थळासमोरनंच जातो ना? आयला तिथं उतरवा."

"बाई मचव्यात बसली का मासळी पळते."

"मंग मी कशी बसणार?"

"तू पोर हायस."

"नि वैशाखात वाण्याची म्हैस नेलीस ती?"

यावर भागोजीसुद्धा खोकू लागला. ओट्यावर एकदम साथ आली.

"गप!" बाबा उठलेच. "एक पोर मचव्यात नेतंय तं लोक हसतात, आता आख्खी बायमाणसं भरू? एकाच बाईची जागा हाय, ती तुला दिली. जास्त बोललीस तं तीबी जाईल."

मी मागे फिरले. पैज जिंकली होती, जागा शाबूत होती, आणि हुशार माणसाने कुठे थांबावं हे मला कळतं.

आत गेले तर आई चुलीपुढे सुकटीची डोकी मोडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्या ओट्याची आणि चुलीची भिंत कुडाची आहे.

"कुणी सांगितली तुला माझी वकिली?" ती माझ्या अंगावर आली. "चार माणसांत बापाचं तोंड बंद करतेस? मना न्हाय जायचं कुठं. थळात काय सोनं उगवलंय?"

मला केवढं बरं वाटलं! आईला जायचंच नव्हतं. म्हणजे प्रश्न फुकट, पैज पक्की, आणि गिरगाव मोकळं. मी मनातल्या मनात मुंबईला कुठलं परकर-पोलकं न्यायचं ते ठरवू लागले.

आई सुकट मोडतच होती. मग मान वर न करता म्हणाली, "षष्ठीलाच निघतात ना?"

"व्हय."

"षष्ठीला तिसऱ्या प्रहराची भरती. सकाळी निघाला तं मचवा थळाला बरोबर पाण्यात लागतो. न्हायतर गुडघाभर चिखल." मोडलेली डोकी बाजूला सारत ती म्हणाली, "तुझा आजा गेला नि म्हातारी एकटी पडली. भावजय तेरडा आणते, पण वाटेवरचा आणते, धुळीचा. आमी टेकडीवरनं आणायचो. म्हातारी बोलत न्हाय, पण तिला त्यो चालत न्हाय."

आणि लगेच, "बघत काय बसलीस? भाकरी उलथ."

ज्या बाईला जायचंच नव्हतं, तिला भरतीची वेळ तोंडपाठ होती. मी भाकरी उलथली आणि ती करपली.

सदाकाका मुंबईहून परत आला की आई त्याला दर खेपेला विचारते, "थळाचा दिवा दिसला?" तो म्हणतो, "दिसला." तो त्या टप्प्यात सुकाणू दुसऱ्याकडे देऊन घोरत असतो, हे साऱ्या रेवदंड्याला ठाऊक आहे. मला वाटायचं, ती थळासमोरच्या खांदेरीच्या दीपस्तंभाचं विचारते. इतकी मी हुशार! डिपोटीसाहेबांना हे कळलं असतं तर शाबासकी परत मागितली असती.

मग मी फार विचार केला. म्हटलं, बाबांना दुसरी जागा मागू. पण बाबांनी एकदा एक म्हटलं की दोन होत नाही. म्हटलं, आई पुढल्या वर्षी जाईल. पण हे मागच्या वर्षीही कुणीतरी म्हटलंच असणार. म्हटलं, आपण मुंबई बघून येऊ आणि आईला सगळं रंगवून सांगू. ही युक्ती मला सगळ्यांत आवडली, आणि सगळ्यांत लाजही तिचीच वाटली. गिरगावचे दिवे डोळ्यांपुढे एकेक विझू लागले. ते पुन्हा लावायची मी पुष्कळ खटपट केली. रतन काय म्हणेल, केसर किती हसेल, घंटेला तोंड कसं दाखवू! पण मी दिव्यांत फिरायचं, आणि हिने दुसऱ्याच्या घोरण्यातून आपल्या माहेरच्या अंगणातल्या दिव्याची खबर घ्यायची?

जेवायला बाबा आणि सदाकाका पाटावर बसले. आई वाढत होती. मी मधोमध जाऊन उभी राहिले, डिपोटीसाहेबांपुढे राहिले होते तशी.

"आता काय ऱ्हायलं?" बाबा म्हणाले.

"बाबा, मी मुंबईला येत न्हाय. माझी जागा तू मना दिलीस, मी ती आयला दिली. षष्ठीला सकाळी ती मचव्यात बसंल नि थळाला उतरंल, नि गवर पाठवल्यावर परत येताना तिला तू घेशील. बाईची जागा एकच हाय, एकच बाई बसते, त्यात काय बिघडलं न्हाय. आये, तू मधी बोलू नको, पळी खाली ठेव. हितली गवर मी आणीन. नैवेद्य मी रांधीन, खोबरं सगुणाआत्या वाटंल, बोलता बोलता वाटता येतं. नि सदाकाका मुंबईला जाणार न्हाय, सुकाणू तसंबी दुसराच धरतो. चिंबोऱ्यांच्या नांग्या त्यो मोडंल, मना भ्याव वाटतं."